व्हिएतनामी आश्रयार्थी: कुणाला वसवलं, कुणाला परत पाठवलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निर्वासितांचा विषय निघाला की व्हिएतनामचं उदाहरण हमखास येतं. कुणी म्हणतं, तेव्हा जगाने लाखो लोकांना आसरा दिला. कुणी म्हणतं, लाखावर लोकांना परतही धाडलं. दोन्ही खरं आहे. हे पान त्या धोरणाबद्दल आहे. भर तेव्हा ब्रिटनची वसाहत असलेल्या हाँगकाँगवर जास्त आहे, कारण सगळी ओढाताण तिथे उघड दिसते. माझं मत मी झाकून ठेवलेलं नाही. कोण निर्वासित आणि कोण नाही हे सरकारने तपासणं मला गैर वाटत नाही. पण ते तपासायला वर्षानुवर्षं लावायची आणि तोवर माणसांना, त्यांच्या लहान मुलांना तारेच्या कुंपणाआड डांबून ठेवायचं, हा अन्याय होता असं माझं ठाम मत आहे.

लोक व्हिएतनाम सोडून का निघाले?

३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडलं आणि दक्षिण व्हिएतनामचं राज्य संपलं. जुन्या सैन्यातले अधिकारी, अमेरिकनांकडे काम केलेले लोक, धर्मगुरू, लेखक अशा अनेकांना 'पुनर्शिक्षण' छावण्यांत धाडण्यात आलं. काहींची तिथे दहा वर्षांहून अधिक काळ गेली. शहरातल्या कुटुंबांना 'नव्या आर्थिक क्षेत्रां'त, म्हणजे ओसाड जमिनीवर शेती करायला पाठवलं गेलं. मार्च १९७८ मध्ये दक्षिणेतला खाजगी व्यापार सरकारने बंद केला. त्याचा सर्वांत मोठा फटका चिनी वंशाच्या होआ समाजाला बसला, कारण बाजारपेठ बहुतांशी त्यांच्या हाती होती. पुढच्या वर्षी चीन-व्हिएतनाम युद्ध पेटलं आणि होआ लोकांकडे सगळीकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. उत्तरेतले अडीच लाखांच्या आसपास लोक सीमा ओलांडून चीनमध्येच गेले. चीनने त्यांना दक्षिणेतल्या सरकारी शेतमळ्यांवर वसवलं.

याच्या जोडीला अन्नटंचाई होती, आणि कंबोडियातल्या लढाईसाठी तरुणांची सक्तीची भरती चालू होती. त्यामुळे एकाच बोटीत छळाला भ्यालेला शिक्षक, भरती चुकवणारा पोरगा आणि पोटासाठी निघालेला कोळी असे तिघे मांडीला मांडी लावून बसलेले असत. पुढच्या सगळ्या गुंत्याचं मूळ या बोटीत आहे.

शेजारच्या देशांनी त्यांना उतरू दिलं का?

सुरुवातीला दिलं. ४ मे १९७५ रोजी 'क्लारा मर्स्क' हे डॅनिश मालवाहू जहाज ३,७४३ लोकांना घेऊन हाँगकाँगला आलं आणि सगळ्यांना उतरवून घेण्यात आलं. पण १९७८च्या अखेरीस भंगाराच्या लायकीची मोठी जहाजं माणसांनी खचाखच भरून येऊ लागली. माणशी सोनं घेऊन ही वाहतूक चालते, आणि व्हिएतनामी अधिकाऱ्यांचाही त्यात हात आहे, हे कळल्यावर सरकारांचा सूर बदलला. डिसेंबर १९७८ मध्ये 'हुई फाँग' ३,३१८ लोकांसह आलं, त्याला जवळपास महिनाभर हाँगकाँगच्या बंदराबाहेर थांबवलं. फेब्रुवारी १९७९ मध्ये आलेल्या 'स्कायलक'वरचे अडीच हजारांहून अधिक लोक चार महिन्यांवर पाण्यातच होते. शेवटी २९ जूनला नांगराच्या साखळ्या तोडल्या गेल्या आणि जहाज हाँगकाँगच्याच लामा बेटाच्या खडकांवर जाऊन आदळलं.

मलेशियाने बिदोंग हे बेट दिलं. जेमतेम एक चौरस किलोमीटरचं ते बेट, आणि १९७९च्या मध्याला तिथे चाळीस हजारांच्या आसपास माणसं राहत होती. त्याच वेळी मलेशियाचं नौदल इतर बोटींना दोर बांधून पुन्हा खोल समुद्रात ओढून नेत होतं. थायलंडच्या आखातात चाचे बोटी लुटत, बायकांवर अत्याचार करत, मुली पळवून नेत. एकट्या जून १९७९ मध्ये या सगळ्या प्रदेशात ५४ हजार लोक पोहोचले. वाटेत किती बुडाले याची मोजदाद कधी झालीच नाही.

१९७९ मध्ये जिनिव्हाला काय ठरलं?

२० आणि २१ जुलैला ६५ देशांची बैठक झाली. शेजारी देशांनी बोटींना तात्पुरता आसरा द्यायचा, पाश्चात्त्य देशांनी त्या लोकांना लवकर आपल्याकडे न्यायचं, आणि व्हिएतनामने चोरटी वाहतूक रोखून लोकांना कागदोपत्री, विमानाने देश सोडू द्यायचा, असा तिहेरी सौदा झाला. पुनर्वसनाची आश्वासनं सव्वा लाखावरून २ लाख ६० हजारांवर गेली. ब्रिटनने हाँगकाँगमधून १० हजार लोक घ्यायचं कबूल केलं. कॅनडाने १९७९-८० मध्ये ६० हजार घेतले. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची जबाबदारी सामान्य नागरिकांनी, चर्चमंडळांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढून उचलली होती. त्यासाठी १९८६ मध्ये नान्सेन पदक, म्हणजे निर्वासितांसाठी केलेल्या कामाचा सन्मान, एखाद्या व्यक्तीला न देता 'कॅनडाच्या जनतेला' देण्यात आलं. अख्ख्या देशाच्या लोकांना ते मिळण्याची ती पहिली वेळ, आणि ते सार्थ होतं.

विमानाने रीतसर बाहेर पडण्याची जी व्यवस्था तेव्हा सुरू झाली, तिच्यातून पुढे सहा लाखांहून अधिक लोक बोटीत पाय न ठेवता बाहेरच्या देशांत गेले. बोटींच्या चित्रांपुढे ही गोष्ट नेहमी मागे पडते. माझ्या मते त्या काळातलं सर्वांत जास्त जीव वाचवणारं धोरण हेच.

निर्वासित आणि आश्रयार्थी यांत कायद्याने काय फरक आहे?

आसरा मागणारा तो आश्रयार्थी. त्याची मागणी तपासून मान्य झाली की तो निर्वासित. कसोटी १९५१च्या निर्वासित करारातली: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगटामुळे छळ होईल अशी साधार भीती. नुसती गरिबी त्यात बसत नाही. ज्याला अशी भीती आहे त्याला छळाच्या तोंडी परत पाठवायचं नाही, हा या कायद्याचा गाभा.

१९७९ नंतरची जवळपास दहा वर्षं व्हिएतनामी लोकांना ही कसोटी लावलीच नाही. जो किनाऱ्याला लागला तो निर्वासित, असं धरलं गेलं. मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया यांनी करारावर सही केलेली नव्हती. ब्रिटनने सही केली होती, पण तो हाँगकाँगला लागू केला नव्हता. त्यामुळे तिथली सगळी छाननी सरकारच्या मर्जीवर आणि ब्रिटिश न्यायालयांच्या परंपरेवर उभी राहिली.

मग १९८८-८९ मध्ये धोरण का फिरलं?

येणारे लोक पुन्हा वाढले आणि नेणारे देश कंटाळले. १९८७ पासून उत्तर व्हिएतनामातून, हाय फाँग आणि क्वांग निन्हच्या किनाऱ्यावरून, चीनच्या काठाकाठाने बोटी हाँगकाँगकडे येऊ लागल्या. एकट्या १९८९ मध्ये ३४ हजारांहून अधिक लोक आले. यांतले बरेच शेतकरी, कोळी, कामगार. अमेरिकेशी किंवा सायगॉनच्या जुन्या राजवटीशी त्यांचं नातं नव्हतं, म्हणून अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांना त्यांच्याबद्दल आधीसारखी आच वाटत नव्हती. तिकडे हाँगकाँगची चिनी जनता विचारत होती, की आमचे नातेवाईक चीनमधून लपून आले तर त्यांना त्याच दिवशी माघारी पाठवता, मग यांनाच छावणी कशी मिळते? या प्रश्नाला सरकारकडे पटणारं उत्तर नव्हतं.

१६ जून १९८८ या तारखेचं इतकं महत्त्व का?

त्या दिवसापासून हाँगकाँगने ठरवलं, की यापुढे येणाऱ्या प्रत्येकाची छाननी होईल, आणि जो निर्वासित ठरणार नाही तो बेकायदा स्थलांतरित मानला जाईल व परत जाईपर्यंत कोंडून ठेवला जाईल. सरकारी रेडिओवर व्हिएतनामी भाषेतलं एक निवेदन दिवसरात्र लागू लागलं, समुद्रातल्या बोटींनी ऐकावं म्हणून. त्या वर्षांत हाँगकाँगमध्ये वाढलेल्या कितीतरी चिनी मुलांना व्हिएतनामीचा एक शब्द येत नसताना ते तोंडपाठ झालं होतं.

आता नीट पाहा. एकाच गावातून, एकाच आठवड्यात निघालेल्या दोन बोटी. एकीला वारा लाभला, ती १५ जूनला पोहोचली. तिच्यातले लोक आपोआप निर्वासित, आज ना उद्या परदेशी जाणार. दुसरी १६ला लागली. तिच्यातल्यांनी आपला छळ सिद्ध करायचा. आग्नेय आशियातल्या इतर देशांनी हीच रेघ मार्च १९८९ मध्ये ओढली. रेघ कुठेतरी ओढावी लागते हे मला मान्य आहे. पण समुद्रात असलेल्या माणसाला ती ओढली गेल्याचं कळायची सोय नव्हती. निदान घोषणा आणि अंमल यांत काही आठवडे ठेवायला हवे होते.

सर्वंकष कृती आराखडा म्हणजे काय?

१३-१४ जून १९८९ रोजी जिनिव्हात ठरलेली, सगळ्या प्रदेशासाठीची एक योजना. छाननीच्या तारखेआधी आलेल्यांना तिसऱ्या देशांत वसवायचं. नंतर आलेल्यांची छाननी करायची. मान्य झालेल्यांचं पुनर्वसन, नाकारलेल्यांची मायदेशी रवानगी. व्हिएतनामने रीतसर बाहेर पडण्याची वाट रुंद करायची आणि परत आलेल्यांना शिक्षा करायची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांची कचेरी, म्हणजे यूएनएचसीआर, यावर देखरेख करणार होती. ही मोट बांधण्यात सर्जिओ व्हिएरा डि मेलो यांचा मोठा वाटा होता. २००३ मध्ये बगदादमधल्या स्फोटात मारले गेले तेच हे.

योजना ३० जून १९९६ रोजी अधिकृतपणे संपली. तोवर छाननी झालेल्या व्हिएतनामी लोकांपैकी साधारण २८ टक्के निर्वासित ठरले. सुमारे ७४ हजारांचं पुनर्वसन झालं आणि १ लाख ९ हजारांच्या आसपास लोक परत गेले.

छाननी कशी व्हायची? ती न्याय्य होती का?

कागदावर व्यवस्था बरी होती. इमिग्रेशन अधिकारी दुभाष्याच्या मदतीने मुलाखत घेई, जबानी लिहून काढी, निर्णय वरिष्ठांकडून मंजूर होई. नकार आला तर पुनर्विचार मंडळाकडे अपील. तिथेही हरलं तर यूएनएचसीआरला स्वतःच्या अधिकारात एखाद्याला निर्वासित ठरवता येई.

प्रत्यक्षात काय घडे? मुलाखतीला बसलेला माणूस आयुष्यभर सरकारी अधिकाऱ्यापुढे तोंड मिटून राहायला शिकलेला. समोर पुन्हा गणवेशातला अधिकारी. दुभाषा दक्षिणेकडचा, बोलणारा उत्तरेकडचा. अधिकारी विचारतो, "तुला अटक झाली होती का?" तो म्हणतो, "नाही." पेन पुढच्या रकान्याकडे सरकतं. पण व्हिएतनाममध्ये अटक न करताही माणसाचं जगणं बंद करता येत होतं. प्रत्येक कुटुंबाची एक नोंद असे, बाप-आजा कोणत्या बाजूला होता याची. बाप जुन्या सैन्यात असला तर मुलाला विद्यापीठाची दारं बंद. कुटुंब नोंदणीच्या पुस्तकात नाव नसलं तर रेशन नाही, शाळा नाही, नोकरी नाही. पोरगं शाळेतून परत पाठवलं गेलं याला छळ म्हणायचं की नुसता भेदभाव? ज्याने हे कधी भोगलं नाही, त्याने दोन-चार तासांत ते ठरवायचं होतं.

अपील मंडळ बहुतेक वेळा कागद बघूनच निकाल देई, कारणं सांगत नसे, आणि बाजू मांडायला वकील फार थोड्यांना मिळे. पॅमेला बेकर यांच्यासारख्या वकील या लोकांसाठी न्यायालयात झगडल्या. न्यायालयांच्या दट्ट्यामुळे मुलाखतींच्या पद्धतीत काही सुधारणा झाल्या, पण तोवर हजारो निकाल लागून गेले होते. इतर देशांतही सगळं आलबेल नव्हतं. इंडोनेशियातल्या गलांग छावणीत निर्णयासाठी लाच मागितली जाते, असे आरोप पुनःपुन्हा झाले.

तरीही "छाननी म्हणजे निव्वळ फार्स" असं मी म्हणणार नाही. तिच्यातून हजारो खऱ्या निर्वासितांना ओळख मिळाली. ती नसती तर दारं सगळ्यांनाच बंद झाली असती. माझी तक्रार तिच्यातल्या मुलाखतींच्या घिसाडघाईबद्दल आणि अपिलाच्या पोकळपणाबद्दल आहे.

छावण्यांतलं जगणं कसं होतं?

१९८२ पर्यंत हाँगकाँगच्या छावण्या उघड्या होत्या. लोक दिवसा कारखान्यांत कामाला जात, संध्याकाळी परत येत. शहरालाही कामगार हवेच होते. जुलै १९८२ पासून नव्याने येणाऱ्यांसाठी बंद छावण्या सुरू झाल्या. येणाऱ्यांना धाक बसावा हा त्यामागचा हेतू, आणि सरकारने तो लपवलाही नाही.

सर्वांत मोठी छावणी व्हाइटहेडची, समुद्रात घुसलेल्या भूशिरावर. पत्र्याच्या लांबलचक शेड, आत तीन थरांचे बंक. त्यांतला एक थर, म्हणजे प्लायवूडचा एक फळकुटा, हेच एका कुटुंबाचं घर. आईबाप, दोन मुलं, कपडे, भांडी, सगळं त्या फळीवर, आणि आडोसा म्हणून एक पडदा. नवरा-बायकोचं भांडण शेजारच्या पाच कुटुंबांना ऐकू जाई. जेवण बाहेर शिजून येई. तिथे जन्मलेल्या मुलांनी आपल्या आईला चुलीपुढे बसलेलं पाहिलंच नव्हतं. रस्ता, दुकान, कुत्रं, शेत यांतलं काहीही त्यांनी कुंपणाच्या जाळीतून दिसेल तेवढंच पाहिलेलं. १९९१ मध्ये हाँगकाँगच्या छावण्यांत ६४ हजारांवर माणसं होती.

रिकामी माणसं, दाटीवाटी, उत्तरेकडचे विरुद्ध दक्षिणेकडचे हे जुनं वैर आणि छावणीतले दादा. ३ फेब्रुवारी १९९२ रोजी, चांद्र नववर्षाच्या आदल्या रात्री, सेक काँग छावणीत मारामारी पेटली, एका शेडला आग लावण्यात आली आणि २४ जण होरपळून मेले. त्यांना त्या जागी किती काळ आणि कशासाठी डांबलं होतं, हा प्रश्न त्यानंतर तरी सरकारने स्वतःला विचारायला हवा होता. छावण्या पुढेही चालूच राहिल्या.

१९९६च्या मार्चमध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे हाँगकाँगसाठीच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, निर्णय दिला, की ज्यांना व्हिएतनाम परत घेणारच नाही अशांना 'परत पाठवायचंय' या कारणाखाली अनिश्चित काळ कोंडता येत नाही. काही कुटुंबं त्यामुळे सुटली. व्हाइटहेडच्या जागी आज उंच निवासी इमारती आहेत.

लोकांना बळजबरीने परत पाठवलं हे खरं का?

खरं आहे. आधी स्वेच्छेने परतणं सुरू झालं. मार्च १९८९ मध्ये पहिले ७५ जण हाँगकाँगहून गेले. पण तो ओघ फार बारीक होता. १२ डिसेंबर १९८९ रोजी पहाटेच्या अंधारात हाँगकाँग पोलिसांनी दंगलविरोधी पेहरावात ५१ जणांना उठवलं, गाड्यांत बसवलं आणि विमानाने हनोईला पाठवून दिलं. त्यांत ८ पुरुष, १७ स्त्रिया आणि २६ मुलं होती. जगभर गदारोळ झाला, अमेरिकेने निषेध केला आणि सक्तीची विमानं काही काळ थांबली. ऑक्टोबर १९९१ मध्ये ब्रिटन आणि व्हिएतनाम यांच्यात करार झाला आणि नोव्हेंबरपासून 'सुव्यवस्थित परतीचा कार्यक्रम' या नावाने ती पुन्हा सुरू झाली.

बरेचसे लोक अखेरीस 'स्वेच्छेने' गेले अशी नोंद आहे. पण कुंपणाआड पाच-सहा वर्षं काढल्यावर, जाण्यावाचून दुसरा मार्ग नाही हे रोज ऐकल्यावर केलेल्या सहीला स्वेच्छा म्हणायला माझं मन धजत नाही. व्हाइटहेडमध्ये १९९४, १९९५ आणि १९९६ मध्ये हलवाहलवीच्या वेळी अश्रुधूर, गच्चीवर चढलेली माणसं, जाळपोळ असे प्रसंग घडले. मे १९९६ मध्ये तर शंभरावर लोक कुंपण तोडून पळाले.

परत गेलेल्यांचं काय झालं? त्यांना शिक्षा झाली का?

डिसेंबर १९८८ मध्ये व्हिएतनाम आणि यूएनएचसीआर यांच्यात लेखी ठरलं होतं, की बेकायदा देश सोडला म्हणून कुणावर खटला भरायचा नाही आणि यूएनएचसीआरच्या लोकांना गावोगाव जाऊन परतलेल्यांना भेटू द्यायचं. हे बहुतांशी पाळलं गेलं. नुसतं पळाल्याबद्दल सर्रास छळ झाला असं या पाहणीत आढळलं नाही. इतर गुन्ह्यांच्या आरोपाखाली काहींना अटक झाली, आणि त्यांतली काही प्रकरणं मानवी हक्कांच्या संघटनांना संशयास्पद वाटली.

माणशी २४० ते ३६० डॉलर रोख मदत मिळे. युरोपीय समुदायाने परतलेल्यांसाठी आणि त्यांच्या शेजाऱ्यांसाठी, दोघांसाठीही, धंदा-प्रशिक्षणाचा आणि लहान कर्जांचा कार्यक्रम काढला. शेजाऱ्यांनाही घेतलं हे फार शहाणपणाचं होतं. पळून गेलेल्याला पैसा आणि गावात राहिलेल्याला काहीच नाही, असं झालं असतं तर गावात जळफळाट वाढला असता. तोवर व्हिएतनामच्या 'दोई मोई' या आर्थिक सुधारणांनी बाजार खुला होऊ लागला होता, त्यामुळे रोजगार मिळण्याची शक्यता १९७९ पेक्षा कितीतरी बरी होती. अडचण झाली ती घर-जमीन विकून निघालेल्यांची आणि नोंदणीच्या पुस्तकातून नाव कटलेल्यांची.

अमेरिकेची भूमिका काय होती?

दुटप्पी, असं माझं मत. सक्तीने परत पाठवायला अमेरिकेचा विरोध होता, पण नाकारलेल्यांना स्वतःकडे न्यायचीही तयारी नव्हती. मे १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये या लोकांना अमेरिकेत घेण्याचा एक प्रस्ताव आला आणि छावण्यांत आशेची लाट उठली. स्वेच्छेने परतणाऱ्यांची संख्या एकदम घसरली. वॉशिंग्टनच्या एका भाषणाचा परिणाम व्हाइटहेडच्या बंकवर चोवीस तासांत दिसे. शेवटी १९९६ मध्ये तोडगा निघाला: आधी व्हिएतनामला परत जा, तिथे अमेरिकी अधिकारी तुमची पुन्हा मुलाखत घेतील. हजारो लोक या वाटेने अमेरिकेला पोहोचले. म्हणजे ज्यांना छाननीने 'निर्वासित नाही' म्हटलं होतं, त्यांतल्या अनेकांची केस दुसऱ्या अधिकाऱ्याला पटली.

आईबापांशिवाय आलेल्या मुलांचं काय केलं?

त्यांच्यासाठी खास समित्या होत्या. 'मुलाचं हित कशात' हे बघून त्या ठरवत, परदेशातल्या नातेवाइकाकडे पाठवायचं की व्हिएतनाममधल्या आईबापांकडे. कल्पना चांगली, काम अतिशय संथ. निकाल लागेपर्यंत काही मुलं वयाने मोठी होऊन गेली. काही आईबापांनी मुलाला मुद्दाम एकटं पुढे पाठवलं होतं, मागून आपल्याला नेता येईल या आशेने. त्याची शिक्षा मुलाने भोगली.

फिलिपीन्सने वेगळं काय केलं?

१९९६ मध्ये तिथे सक्तीची पाठवणी सुरू होताच कॅथलिक चर्चने आवाज उठवला आणि सरकारने उरलेल्यांना राहू दिलं. पालावान बेटावर पुएर्तो प्रिन्सेसाजवळ त्यांची 'व्हिएत-व्हिल' ही वस्ती उभी राहिली. नागरिकत्व मात्र मिळालं नाही. २००५ पासून त्यांतल्या बहुतेकांना अमेरिकेने नेलं.

हाँगकाँगमध्ये शेवटी उरलेल्यांचं काय झालं? खर्च कोणी केला?

१ जुलै १९९७ ला हाँगकाँग चीनकडे जाणार होतं, त्यापूर्वी छावण्या रिकाम्या व्हाव्यात असा चीनचा आग्रह होता. तसं पूर्ण झालं नाही. 'पहिला आसरा' देण्याचं, म्हणजे बोटीने येणाऱ्यांना तात्पुरतं उतरवून घेण्याचं धोरण जानेवारी १९९८ मध्ये संपलं. फेब्रुवारी २००० मध्ये सरकारने जाहीर केलं, की उरलेल्या सुमारे १,४०० जणांना हाँगकाँगमध्येच राहायला परवानगी मिळेल, आणि काही महिन्यांत पिलर पॉइंटची शेवटची छावणी बंद झाली. पंचवीस वर्षांनी जे सहज करता आलं, ते आधी करता आलं नसतं का, असं वाटल्यावाचून राहत नाही. खर्चाचा वाद त्यानंतरही चालू राहिला. यूएनएचसीआरकडून ११६ कोटी हाँगकाँग डॉलर येणं आहे, असा हाँगकाँगचा दावा वर्षानुवर्षं हिशेबात पडून होता.

भारताचा याच्याशी काही संबंध?

या बोटींशी थेट नाही. त्या बंगालच्या उपसागराकडे वळल्या नाहीत. पण १९५४ मध्ये व्हिएतनामची फाळणी झाली तेव्हा ज्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाकडे देखरेख होती, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं. कॅनडा आणि पोलंड सोबत होते. लोकांना हवं त्या बाजूला जाण्यासाठी ३०० दिवसांची मुदत होती आणि आठ लाखांहून अधिक लोक, मुख्यतः कॅथलिक, उत्तरेतून दक्षिणेत आले. त्यांतल्या अनेक कुटुंबांनी १९७५ नंतर दुसऱ्यांदा गाठोडं बांधलं. भारताने १९५१च्या करारावर आजही सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. निर्णय प्रकरणागणिक होतात. हाँगकाँगची गोष्ट आपण का वाचावी, याला माझ्या दृष्टीने हे पुरेसं कारण आहे.

आजही व्हिएतनामी आश्रयार्थींना परत पाठवतात का?

पाठवतात. मध्य उच्चभूमीतले, बहुतांशी प्रॉटेस्टंट असलेले डोंगरी जमातींचे लोक २००१ आणि २००४ च्या निदर्शनांनंतर कंबोडियात पळाले. त्यांच्याबाबत जानेवारी २००५ मध्ये कंबोडिया, व्हिएतनाम आणि यूएनएचसीआर यांचा करार झाला: तिसरा देश किंवा परत, कंबोडियात राहणं नाही.

एप्रिल २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने समुद्रात अडवलेल्या ४६ जणांना जहाजावरच घाईने तपासलं आणि थेट व्हिएतनामच्या व्हुंग ताऊ बंदरात नेऊन उतरवलं. पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींना पलायन घडवून आणल्याबद्दल तुरुंगवासाची शिक्षा झाली. १९८८च्या करारात जो 'शिक्षा करणार नाही' हा शब्द घेतला गेला होता आणि गावोगाव जाऊन तपासला गेला होता, त्यातलं काही इथे नव्हतं.

अमेरिकेचा २००८चा करार सांगतो, की १२ जुलै १९९५ पूर्वी आलेल्यांना परत पाठवता येणार नाही. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पूर्ववत झाले तो हा सुमार. २०२० च्या नव्या सामंजस्य करारानंतर त्या आधी आलेल्यांनाही पाठवण्याची वाट निघाली. यांत लहानपणी आईच्या कडेवर बसून निर्वासित म्हणून गेलेले, तरुणपणी गुन्ह्याची शिक्षा भोगून झालेले आणि आता चाळिशी-पन्नाशीला आलेले लोक आहेत. त्यांना ज्या देशात उतरवलं जाईल, तिथे त्यांच्या ओळखीचं बहुधा कुणी उरलेलं नाही. शिक्षा भोगून झाल्यावर, एवढ्या वर्षांनी, आधी दिलेला शब्द फिरवून त्यांना पाठवणं मला सर्वस्वी चुकीचं वाटतं.